गिअरबॉक्सचे मागचे सील वारंवार गळत असेल, तर आधी बुश मोजा

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सच्या शेपटाकडचे ऑइल सील बदलावे, महिना-दोन महिने जमीन कोरडी राहावी आणि मग एके सकाळी गाडी पुढे घेतल्यावर त्याच जागी पुन्हा तेलाचा डाग दिसावा, हा अनुभव अशा गाड्या सांभाळणाऱ्या पुष्कळांना आला असेल. माझ्या गाडीचे हे सील मी दीड वर्षात तीन वेळा बदलले. पहिल्या वेळी सील जुने होते म्हणून, दुसऱ्या वेळी बसवताना त्याची ओठपट्टी दुमडली असावी या समजुतीने आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या बनावटीचे सील चांगले निघेल या आशेने. तिसरे सील काढल्यावर ते मी भिंगाखाली पाहिले. त्याचे रबर मऊ होते, स्प्रिंग जागेवर होती आणि ओठपट्टी कुठेही फाटलेली नव्हती. सील निर्दोष असूनही गळत होते, कारण ते ज्यावर टेकते तो योकच, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारे शाफ्टचे नळीसारखे टोक, आपल्या जागी स्थिर फिरत नव्हता. योकला जागेवर धरणारा बुश झिजला होता.

हे लेखन ज्या गाड्यांत इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असते, आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची चालना मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) सरकता योक थेट गिअरबॉक्सच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, शिरतो, अशा गाड्यांपुरते आहे. काही जुन्या गिअरबॉक्सना मागे पक्का फ्लँज असतो आणि सरकण्याची सोय शाफ्टमध्येच केलेली असते. तिथे हा बुश नसतो आणि गळतीचे कारण निराळे शोधावे लागते. गिअरबॉक्स हाताने बदलण्याचा आहे की ऑटोमॅटिक, याने मात्र फरक पडत नाही, कारण शेपटाकडची रचना दोन्हींत जवळपास सारखीच असते.

बुश नेमके काय करतो

योकच्या आतल्या स्प्लाइन, म्हणजे लांबीत कोरलेले दात, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या आउटपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर बसतात, म्हणून योकला शाफ्टच सावरून धरतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या दातांचे काम पीळ पोचवण्याचे आहे. मागचा ॲक्सल खड्ड्यांवर वरखाली झाला की योकला पुढेमागे सरकावे लागते आणि ते सरकणे मोकळे व्हावे म्हणून दातांमध्ये मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते. योकची बाहेरची गुळगुळीत नळी मध्यावर धरून ठेवणे आणि प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाचा भार पेलणे हे काम एकट्या बुशचे असते. बहुतेक मूळ बुश म्हणजे पोलादी पट्टी गोल वळवून केलेली नळी असते. तिच्या आतल्या बाजूला बॅबिट किंवा ब्राँझचा पातळ थर असतो आणि बाहेरून ती हाउसिंगच्या बोअरमध्ये दाबून घट्ट बसवलेली असते. बॅबिट हा कथिलाचा किंवा शिशाचा मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये तयार केला. तेलातला बारीक कण आपल्या मऊ अंगात जिरवून घ्यायचा आणि योकला ओरखडा पडू द्यायचा नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याच गुणाचा एक तोटाही आहे, त्याकडे पुढे येतो.

सील बुशच्या लगेच मागे बसते. सीलची ओठपट्टी योकवर अगदी हलक्या दाबाने टेकलेली असते. योक हळू फिरत असताना थोडा डुलला तरी रबर त्याच्या मागोमाग जाऊ शकते. शाफ्ट मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेऊ लागला की रबराला ती चाल साधत नाही, ओठपट्टी आणि योक यांच्यामध्ये प्रत्येक फेऱ्याला एक फट उघडते आणि तिच्यातून तेल बाहेर फेकले जाते. म्हणूनच बुश झिजलेल्या गाडीत उभ्या गाडीखाली दोनच थेंब दिसतात, पण लांबच्या फेरीनंतर शाफ्टच्या वरचा सगळा पत्रा तेलाने माखलेला असतो. माझ्या मते बुश तपासण्याआधी सील बदलणे म्हणजे निदानाआधी औषध देणे आहे.

गळती खरोखर सीलचीच आहे का

तरीही प्रत्येक गळतीचे खापर बुशवर फोडू नये. पहिल्यांदा गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जाण्याची छोटी वाट, पाहावा. वर्षानुवर्षांच्या चिखलाने तो बुजला, तर गरम झालेली हवा बाहेर जायला वाट शोधते आणि सर्वांत नरम जागा म्हणून सीलमधून तेल ढकलते. तेलाची पातळी जास्त भरली असली तरी हेच घडते. मीटरच्या केबलचा छोटा गिअर ज्या भोकात बसतो तिथला ओ-रिंग आणि मागच्या हाउसिंगचे गॅसकेट या दोन्ही जागांची गळती वाऱ्याने मागे ओढली जाऊन सीलपाशीच जमते. आणखी एक जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही योकच्या युनिव्हर्सल जॉइंटकडच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याकडच्या) तोंडाला एक गोल पत्र्याचे बूच ठोकलेले असते. ते सैल झाले की तेल स्प्लाइनमधून वाट काढत थेट जॉइंटच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या मधल्या चार टोकांच्या तुकड्यावर, येते आणि हे तेल सीलमधूनच आले असा समज होतो.

यासाठी तो सगळा भाग आधी चांगला धुऊन कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवावा, पाच-सात किलोमीटर चालवून गाडी पुन्हा वर घ्यावी आणि ओली रेघ कुठून सुरू होते ते पाहावे. रेघ सीलच्या आतल्या कडेपासून निघत असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

थरथर कशाशी बांधलेली आहे

झिजलेला बुश बहुधा आवाजानेही आपली खबर देतो. गाडी सुटताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एक बोथट ठोका ऐकू येतो आणि ठरावीक वेगाला पायाखालच्या पत्र्यात थरथर जाणवते. ठोका युनिव्हर्सल जॉइंटचाही असू शकतो, डिफरन्शियलच्या दातांमधल्या ढिलाईचाही असू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवू नये. थरथरीचे मात्र मोजमाप करता येते.

ज्या वेगाला ती सुरू होते तो वेग लक्षात ठेवावा, मग त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी आणि शेवटी क्लच दाबून इंजिन रिकामे करून पाहावे. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगाला राहिली, तर ती गिअरबॉक्सच्या मागच्या भागातून येते आहे. आता प्रश्न उरतो तो चाकाचा की शाफ्टचा. टायरचा एका फेऱ्यातला पल्ला १.९ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा. ॲक्सलचे प्रमाण ४.१ असेल तर शाफ्ट त्याच वेळी मिनिटाला सुमारे २,८७५ फेरे घेत असतो, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस. सेकंदाला बाराची थरथर हाताला वेगवेगळ्या धक्क्यांसारखी लागते आणि स्टिअरिंगमध्ये किंवा आसनात जाणवते. अठ्ठेचाळीसची थरथर गुणगुणल्यासारखी असते आणि आरशातले प्रतिबिंब तिने धूसर होते. हा फरक एकदा ओळखता आला की चाकांच्या बॅलन्सिंगवरचा निष्कारण खर्च वाचतो.

शाफ्टच्या थरथरीतही दोन जाती आहेत. असंतुलन किंवा बुशमधली ढिलाई एका फेऱ्याला एक धक्का देते, तर युनिव्हर्सल जॉइंटचे कोन चुकलेले असले की एका फेऱ्याला दोन धक्के बसतात, कारण कोनात फिरणारा असा जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या जातीची थरथर कमी वेगाला, गाडी जोर लावत असताना अधिक जाणवते. पहिल्या जातीची वेगाबरोबर झपाट्याने वाढत जाते.

ती का वाढते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, शाफ्टच्या वजनापैकी ४ किलो बुशच्या टोकाला येते. काही वेगापर्यंत हे वजन योकला बुशच्या तळाशी दाबून ठेवते. असंतुलनाचा जोर त्या वजनापेक्षा वाढला की योक तळ सोडतो आणि बुशच्या भिंतीला लागून फिरू लागतो. बुशची ढिलाई व्यासात ०.४ मि.मी. असेल, तर आता शाफ्टचे केंद्र मूळ जागेपासून ०.२ मि.मी. सरकून फिरत असते. मिनिटाला २,८७५ फेऱ्यांना एवढ्याशा सरकण्याने सुमारे ७३ न्यूटनचा, म्हणजे साडेसात किलोच्या वजनाएवढा फिरता जोर उत्पन्न होतो. बुशवर एरवी पडणाऱ्या भाराच्या हा जवळपास दुप्पट आहे आणि तो सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा दिशा बदलत भिंतीवर घासतो. ढिलाई वाढली की जोर वाढतो आणि जोर वाढला की ढिलाई आणखी वाढते. म्हणून बुशची झीज पुष्कळ काळ सावकाश होते आणि शेवटी फार थोड्या किलोमीटरांत हाताबाहेर जाते.

मोजणी, आणि जुना बुश वाचणे

चारही चाके मोकळी राहतील अशा रीतीने गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गिअर न्यूट्रल ठेवून युनिव्हर्सल जॉइंटच्या लगेच पुढे योक हातात धरावा आणि वरखाली, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. चांगल्या बुशमध्ये हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. अशा जोडीत साधारण ०.०५ ते ०.१३ मि.मी. मोकळीक असते आणि गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. चुंबकी बैठकीवर डायल गेज लावून मोजले तर अंदाजाला जागा उरत नाही. मात्र गेजचा काटा हाउसिंगच्या सापेक्ष मोजत असावा. बैठक गाडीच्या चासीवर लावली, तर गिअरबॉक्सच्या माउंटिंगच्या रबराची हालचालही त्यात मिसळते.

यानंतर शाफ्ट काढावा. डिफरन्शियलचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांच्यावर आधी रंगाची एक सरळ खूण करावी, क्रॉसचे कप मोकळे होणारे असतील तर ते टेपने बांधावेत आणि शाफ्ट मागे ओढताना गिअरबॉक्सचे तेल बाहेर येणार हे लक्षात घेऊन भांडे तयार ठेवावे.

आता मायक्रोमीटरने योक आणि टेलिस्कोपिक गेजने बुशचे बोअर मोजावे. प्रत्येक मोजणी पुढच्या आणि मागच्या अशा दोन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनातल्या दोन दिशांना घ्यावी. हे आठ आकडे या कामातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे. बुश झिजला आहे एवढेच त्यांतून कळते असे नाही, तो का झिजला हेही कळते.

बुश जागेवर उभा असतो आणि योक त्यात फिरत असतो, हे डोळ्यांसमोर ठेवावे. भार नेहमी एकाच दिशेने येत असेल, म्हणजे शाफ्टचे वजन किंवा वाकडे बसलेले हाउसिंग हे कारण असेल, तर बुशची एकच बाजू झिजते आणि योक मात्र सगळीकडून सारखाच घासला जातो. याउलट भार शाफ्टबरोबर फिरत असेल, म्हणजे असंतुलन, वाकलेला शाफ्ट किंवा आखडलेला क्रॉस हे कारण असेल, तर बुश चहूबाजूंनी सारखा झिजतो आणि योक एकाच अंगाने घासून चकचकीत होतो. बुशची दोन्ही तोंडे पसरलेली आणि मध्य शाबूत असेल, तर योक बुशमध्ये तिरका फिरत होता असे समजावे. अशा वेळी हाउसिंगची बैठक, गिअरबॉक्सचे मागचे माउंटिंग आणि जॉइंटचे कोन पाहावे लागतात.

माझ्या गाडीत बुशचे बोअर एका दिशेला ३८.५० आणि दुसऱ्या दिशेला ३८.४७ मि.मी. भरले, म्हणजे तो जवळपास सगळीकडून सारखा खाल्ला गेला होता. योक एका दिशेला ३८.०८ आणि तिच्या काटकोनात ३८.०२ भरला. ढिलाई ०.४ मि.मी.च्या पुढे गेली होती, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती योकच्या दोन आकड्यांतली तफावत. त्या वेळी ती मी वहीत लिहून ठेवली आणि तिचा अर्थ न लावता नवा बुश बसवला. तो चार हजार किलोमीटरही टिकला नाही. दुसऱ्यांदा सगळे उघडल्यावर मी शाफ्ट पूर्ण धुऊन उजेडात फिरवून पाहिला, तेव्हा मागच्या टोकापाशी वेल्डिंगचे दोन ठिपके आणि त्यांच्यामध्ये एक चौकोनी स्वच्छ जागा दिसली. कारखान्यात चिकटवलेले बॅलन्सचे वजन तिथून कधीतरी गळून पडले होते. योकच्या आकड्यांनी ही गोष्ट मला चार हजार किलोमीटर आधीच सांगितली होती.

जुना बुश काढणे

सील उचकटून काढल्यावर बुशची मागची कडा दिसते. बुश किती आत बसला आहे ती खोली व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावी आणि त्याचे तेलाचे भोक किंवा खाच कोणत्या बाजूला आहे याची खूण हाउसिंगच्या तोंडावर करावी. बुश काढल्यावर या दोन्ही गोष्टी पुन्हा सापडत नाहीत.

आतून पकडून मागे ओढणारा पुलर मिळाला तर हे काम गाडीखालीच होते. हाउसिंग काढून टेबलावर काम करणे मला अधिक पसंत आहे, कारण बोअर नीट पाहता आणि मोजता येते. मागचे माउंटिंग बहुधा हाउसिंगवरच असते, त्यामुळे ते सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सला खालून स्वतंत्र आधार द्यावा, मीटरच्या केबलचा गिअर आधी काढावा आणि गिअर लिव्हरची जोडणी हाउसिंगमधून जात असेल तर तिची मांडणी चित्रात उतरवून ठेवावी. पुलर नसल्यास हॅक्सॉच्या पात्याने बुशला लांबीत चीर पाडता येते. चीर आरपार नेऊ नये. शेवटचा पातळ पापुद्रा ठेवून लहान छिन्नीने कडा आत वळवावी, म्हणजे बुशची पकड सुटते आणि हाउसिंगला पात्याचा ओरखडा पडत नाही. ॲल्युमिनियमच्या बोअरला लांबीत पडलेला ओरखडा म्हणजे बुशच्या बाहेरून तेल जाण्याची कायमची वाट होय.

बुश हाताच्या बोटाने फिरत असेल किंवा बाहेरून चकचकीत झालेला असेल, तर हाउसिंगचे बोअरही झिजले आहे. अशा बोअरमध्ये सेंटर पंचाचे ठोके मारून उंचवटे काढण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ती मला मान्य नाही, कारण बुश मग चार-सहा टोकांवर टेकतो आणि केंद्र कुठेही जाऊ शकते. फरक अगदी थोडा असेल तर बेअरिंग धरून ठेवण्यासाठीचा ॲनएरोबिक (हवा न लागता घट्ट होणारा) चिकट द्रव पुरतो. त्याहून जास्त असेल तर गिअरबॉक्सला बसणाऱ्या तोंडाला काटकोन साधून बोअर यंत्रावर मोठे करून घ्यावे आणि बाहेरच्या व्यासाने मोठा बुश बनवावा.

नवा बुश

तयार बुश मिळत असेल तर तोच घ्यावा. मात्र तो बसवल्यावर थेट वापरायचा आहे की बसवून मग आतून मापाला आणायचा आहे, हे आधी विचारून घ्यावे. बनवून घ्यायचा असल्यास ८३ टक्के तांबे, ७ टक्के कथील, ७ टक्के शिसे आणि ३ टक्के जस्त या प्रमाणाचे बेअरिंग ब्राँझ या कामाला उत्तम आहे. दाबून बसवताना बुश आक्रसतो आणि आतले माप जवळपास बाहेरच्या दाबाएवढेच कमी होते. म्हणून लेथवर आतून थोडे कमी माप ठेवावे आणि अखेरचे माप हाउसिंगमध्ये बसल्यानंतरच घ्यावे. सच्छिद्र सिंटर्ड (भुकटी दाबून, तापवून केलेल्या) ब्राँझचा बुश असेल तर त्याला रीमर, म्हणजे भोक मापाला आणणारे धारदार हत्यार, लावणे टाळावे, कारण बोथट धारेने त्याची छिद्रे बुजतात आणि त्याने धरून ठेवलेल्या तेलाचा उपयोग उरत नाही.

हातोड्याने ठोकून बुश बसवण्यापेक्षा उष्णतेचा उपयोग करावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ४२ मि.मी.चे बोअर २५ वरून ११५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर ते सुमारे ०.०९ मि.मी. मोठे होते आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांपर्यंत थंड केलेला तेवढ्याच बाहेरच्या व्यासाचा पोलादी पाठीचा बुश सुमारे ०.०२ मि.मी. लहान होतो. दोन्ही मिळून ०.११ मि.मी. जागा मिळते आणि ०.०५ ते ०.०८ मि.मी. घट्ट असलेला बुश हाताने आत सरकतो. हाउसिंग ओव्हनमध्ये सावकाश तापवावे, एका जागी ज्योत लावू नये आणि रबराचे सगळे भाग आधीच काढून ठेवावेत. बिडाच्या हाउसिंगचे प्रसरण याच्या निम्मेच होते, तिथे प्रेसची मदत घ्यावी लागते. दोन्ही प्रकारांत पायरी असलेला ड्रिफ्ट, म्हणजे बुश आत ढकलण्याचा दांडा, लेथवर करून घ्यावा. त्याचे पुढचे अंग बुशमध्ये सैलसर जावे आणि पायरी बुशच्या कडेवर टेकावी, पण हाउसिंगला लागू नये. हातात वेळ फार थोडा असतो. बुश अर्ध्यावर असताना दोन्हींचे तापमान सारखे झाले की तो तिथेच अडकतो, म्हणून सगळी हत्यारे आणि खुणा आधीच तयार असाव्यात.

तेलाचे भोक आपण केलेल्या खुणेसमोरच आले पाहिजे. या बुशला दाबाने तेल मिळत नाही. गिअरनी उडवलेले तेल हाउसिंगमधल्या खाचेतून वाहत त्याच्यापर्यंत येते आणि सीलपाशी जमलेले तेल खालच्या वाटेने परत जाते. बुश थोडा फिरून बसला आणि ती वाट बंद झाली, तर तो काही तासांतच करपतो, किंवा परतीची वाट बंद झाल्याने सीलमागे तेल तुंबून नवे सील पहिल्याच दिवशी गळू लागते.

हाउसिंग थंड झाल्यावर बोअर पुन्हा दोन जागी, दोन दिशांना मोजावे. माझ्या नव्या योकचे माप ३८.०९ होते आणि बुश बसल्यावर ३८.१७ भरला. ही ०.०८ मि.मी.ची मोकळीक मला हवी तशी मिळाली. योक घट्ट जात असेल तर त्याला निळी शाई लावून, फिरवून, कुठे लागतो ते पाहावे आणि केंद्र धरून चालणाऱ्या रीमरने किंवा बोअरिंगने तेवढेच माप काढावे. एमरी पेपर मात्र बुशला चुकूनही लावू नये. मघाशी बॅबिटच्या ज्या गुणाचा तोटा म्हटला तो हाच. एमरीचे कठीण कण मऊ धातूत रुतून बसतात, धुऊनही निघत नाहीत आणि बुशच मग योकला घासणारा कागद होऊन बसतो.

योक आणि सील

घासलेल्या योकवर नवा बुश बसवू नये. सीलच्या ओठपट्टीने योकवर नखाला लागेल इतकी खाच पाडली असेल, तर अनेक जण पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवण्याचा सल्ला देतात. इतर जागी हा उपाय उत्तम आहे, इथे तो चालत नाही. सीलखालून जाणारा हाच पृष्ठभाग पुढे बुशमध्ये शिरतो आणि जेमतेम पाव मिलीमीटर जाडीच्या स्लीव्हनेही योकचा व्यास अर्ध्या मिलीमीटरने वाढतो. योक बदलणे किंवा त्यावर हार्ड क्रोम चढवून तो मूळ मापाला ग्राइंड करून घेणे, हे दोनच मार्ग उरतात. योक बुशमध्ये घालण्यापूर्वी त्याच्या पुढच्या कडेवरची बारीक धार तेलदगडाने काढावी, सीलच्या ओठाला आणि बुशला गिअरचे तेल लावावे आणि सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत राहील याची खात्री करावी.

शाफ्ट चढवण्याआधी

झिजेचे मूळ कारण दूर झाल्याशिवाय शाफ्ट चढवू नये. क्रॉस दोन्ही दिशांना मऊपणे वळला पाहिजे. एका जागी अडखळत असेल तर तो बदलावा आणि बदलल्यावर शाफ्ट पुन्हा बॅलन्स करून घ्यावा. एकसंध शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात असावेत. माउंटिंगचे रबर बसले असेल तर गिअरबॉक्सचे शेपूट खाली येते आणि जॉइंटचे कोन बिघडतात, त्यामुळे ते याच वेळी बदलणे शहाणपणाचे आहे. शाफ्ट पूर्वी कधी लांबी बदलून घेतलेला असेल तर योक पूर्ण आत ढकलून आणखी किती जागा उरते ते पाहावे. गाडी चाकांवर उभी असताना साधारण २० ते २५ मि.मी. जागा शिल्लक असावी, नाहीतर मागची सस्पेन्शन दबताच योक आउटपुट शाफ्टवर आपटतो.

तेल भरताना पुस्तकात दिलेलाच दर्जा वापरावा. पितळी सिंक्रोनायझर आणि ब्राँझचे बुश असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जिथे जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले आहे, तिथे अधिक चांगले समजून जीएल-५ भरू नये, कारण त्यातल्या गंधकयुक्त घटकांचे प्रमाण जास्त असते आणि ते तांब्याच्या मिश्रधातूंना बाधू शकतात.

पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सीलभोवतीचा भाग पुसून पाहावा आणि फेरीवरून परतताच हाउसिंगच्या शेपटाला सांभाळून हात लावावा. ते बाकीच्या गिअरबॉक्सइतकेच गरम असेल तर तेल पोचते आहे. शेपूटच वेगळे तापलेले असेल तर मोकळीक कमी पडली आहे किंवा तेलाचे भोक चुकले आहे आणि गाडी तशीच पुढे चालवू नये. हजार किलोमीटरांनी डायल गेज पुन्हा लावावे. शाफ्टवर नवे वजन चढवून बॅलन्स करून घेतल्यानंतर माझ्या गाडीत हजार किलोमीटरांना मोकळीक ०.०८ होती आणि अकरा हजारांना ०.०९. सील तेच आहे.